देवी काढली

मे महिन्यात नात राहायला आली की माझ्या घरी चहापत्ती दुप्पट लागते. ती स्वतः चहा पीत नाही, कागदांना पाजते. परातीत कोरा चहा ओतायचा, त्यात कागद बुडवायचा, दोरीवर वाळत घालायचा आणि मग उलट बाजूनं इस्त्री फिरवायची, की कालचा कागद शंभर वर्षांचा होतो. तिच्याकडे एक जाडजूड वही आहे. तिला ती आर्ट जर्नल म्हणते. एका पानावर एक विषय. चित्रं, चिठ्ठ्या, लेसचे तुकडे, बसची जुनी तिकिटं, वाळलेली पानं, आणि या सगळ्याच्या मधून वाट काढत गेलेलं तिचं तिरकं अक्षर. पानं देखणी होतात, यात वाद नाही. मला खटकतं ते एकच. ती कागदाच्या कडा मेणबत्तीवर जाळते. जुन्या कागदाच्या कडा कधी जळलेल्या नसतात. त्या घडीवर फाटतात, त्यांना कसर लागते, हाताळून हाताळून त्या तेलकट होतात. जळकी कड दिसली की मला बालनाट्यातला खजिन्याचा नकाशाच आठवतो.

यंदाच्या पानाचा विषय होता वैद्यकाचा इतिहास. तिनं छापून आणलेल्या चित्रांत चोचीचा मुखवटा घातलेला प्लेगचा डॉक्टर होता, जळवांची बरणी होती, कवटीचं लेबल लावलेल्या तपकिरी बाटल्या होत्या. सगळा जुना युरोप माझ्या डायनिंग टेबलावर पसरला होता.

"छान आहे," मी म्हटलं, "पण हा चोचवाला आपल्यापैकी कुणाच्या घरी आला होता?"

"मग आपल्या घरी कोण आलं होतं?"

मी काही बोलायच्या आत आतल्या खोलीतून माझ्या आईचा आवाज आला. "आपल्या घरी देवी आल्या होत्या."

आई ८८ वर्षांची आहे. तिला ऐकू कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर येतं.

नात तिच्या पलंगाशी जाऊन बसली. आईनं बाही वर सरकवली. दंडावर दोन गोल खुणा, चार आण्याच्या नाण्याएवढ्या, कातडीपेक्षा जरा खोल, आत बारीक बारीक खळगे. "ह्या बघ. माझ्या देवी काढल्यात."

"कुणी काढल्या? कशानं? पेननं?"

आम्ही दोघी हसलो. पण नंतर मी तो प्रश्न बराच वेळ मनात घोळवत राहिले. आपण चित्र काढतो, रांगोळी काढतो, काटा काढतो, रक्त काढतो आणि देवीही काढतो. खरं तर लस टोचताना बाहेर काहीच काढत नाहीत, उलट आत घालतात. तरी मराठीनं इथं 'काढणे' हेच क्रियापद धरलं. जुन्या पद्धतीत दंडावर हत्यारानं ओरखडे ओढत, म्हणून ते रेघा काढण्यासारखं वाटलं असेल का? ही आपली माझी समजूत, तिला कुठल्या कोशाचा आधार नाही. 'लस' या शब्दाचं मात्र सरळ आहे. जखमेतून पाझरते ती लस. देवीच्या फोडातून निघणारं पाणी दुसऱ्याच्या दंडात घालायचे, त्या काळचा तो शब्द. आज आपण कुठल्याही सुईला लस म्हणतो, आणि त्यातला चिकटपणा कुणाच्या ध्यानातही येत नाही.

"असं तर मलाही आहे," म्हणत नातीनं डावी बाही वर केली. तिला आहे ती बीसीजीची खूण, क्षयरोगाच्या लशीची. देवीची खूण तिच्या आईलाही नाही. ती १९८३ चा जन्म. तोवर देवी काढणं बंद झालं होतं. आमच्या घरात ही खूण माझ्या पिढीवर संपली.

त्या दुपारी चोचवाला डॉक्टर फाइलीत परत गेला.

आता पान करायचं तर त्याला अंग हवं. माझ्याकडे आईच्या वडिलांच्या दुकानाची खतावणी आहे. बेळगावला त्यांचं किराणा दुकान होतं. लांबट पानं, शिरोरेघ आधी ओढून तिला लटकवलेली मोडी अक्षरं. नातीनं कात्री हातात घेतली तेव्हा माझा जीव वर गेला. मूळ पानाला कात्री लावायची नाही, हा माझा या खेळातला एकच नियम आहे. कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स काढून आणली. ती झेरॉक्सच असावी लागते. घरच्या इंकजेटवर छापलेल्या कागदाला चहा पाजला की शाई ओघळते, झेरॉक्सची काळी भुकटी पाण्याला दाद देत नाही. चहात चिमूटभर मीठ टाकल्यानं डाग नक्षीदार उठतात, असं नातीचं म्हणणं. मला फरक दिसला नाही.

कागद वाळेपर्यंत आई बोलत होती.

तिची आई, म्हणजे माझी आजी, चंदगडकडच्या एका खेड्यातली. सहा-सात वर्षांची असताना तिला देवी आल्या. पहिल्या महायुद्धाच्या आसपासचं ते वर्ष असावं. आजी स्वतः ही गोष्ट सांगायची तेव्हा रोगाचं नाव कधी एकवचनात घ्यायची नाही. 'बाई आल्या', 'बाई फुलल्या', 'बाई गेल्या'. पाहुणीबद्दल बोलावं तसं. दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधले. घरात फोडणी बंद, तळण बंद, बाहेरच्या माणसाला उंबऱ्याच्या आत मनाई. आजीला केळीच्या पानावर निजवलं होतं, कारण अंथरुणाचं कापड फोडांना चिकटायचं. खाज सुटली की नख लावायचं नाही, निंबाची डहाळी अंगावरून फिरवायची. दहीभात, ताक, थंड तेवढं पोटात. एकविसाव्या दिवशी ओटी भरून, गावाच्या शिवेपर्यंत वाजत नेऊन बाईंची बोळवण केली.

हे ऐकताना आपल्याला बरं वाटतं. बघा, पूर्वीच्या लोकांना विलगीकरण कळत होतं, निंबाचे गुण कळत होते, असं म्हणायचा मोह होतो. मला तो मोह आवरावा लागतो, कारण आजीची गोष्ट तिथं संपत नाही. तिच्या पाठोपाठ तिच्या धाकट्या भावालाही बाई आल्या. त्यालाही तेच केळीचं पान, तीच डहाळी, तेच ताक. तो गेला. देवीच्या जबर प्रकारात साधारण दर तीन-चार रुग्णांमागे एक दगावत असे, आणि वाचलेल्यांत कुणाचे डोळे जात. आजी वाचली, डोळेही राहिले. चेहरा मात्र चाळणीसारखा झाला. बेळगावचं स्थळ आलं तेव्हा मुलगी दिवेलागणीला दाखवली, हे ती स्वतःच हसत सांगायची. हसण्यासारखं त्यात काय होतं हे मला कधी कळलं नाही.

आईच्या लहानपणी, १९४४ च्या सुमाराला, बेळगावच्या त्यांच्या गल्लीत देवी काढणारा आला. बरोबर पेटी घेतलेला शिपाई. बातमी फुटताच बायांनी पोरं लपवली. कुणी पोटमाळ्यावर चढवलं, कुणी परसातल्या रिकाम्या रांजणात बसवलं. शेजारच्या काकूंनी आपला मुलगा पुण्याला गेल्याचं सांगितलं आणि तो नेमका तेव्हाच माळ्यावर शिंकला. माझी आई खाटेखाली शिरली होती. आजीनं तिला पायाला धरून बाहेर ओढलं आणि स्वतः अंगणात नेऊन उभी केली. गल्लीत आपणहून मूल पुढं करणारी ती पहिली बाई. कुणी तरी म्हणालं, देवीचा कोप होईल. आजी म्हणाली, "माझ्या तोंडावर बसलीय तेवढी पुरे की."

त्या हत्याराचं आईला अजून स्पष्ट आठवतं. मूठ, आणि टोकाला बारीक दात्यांचं चक्र. त्याला रोटरी लॅन्सेट म्हणत. लशीचा थेंब दंडावर ठेवायचा, चक्र त्यावर टेकवायचं आणि गर्रकन फिरवायचं. आईच्या मते शंख फुंकल्यासारखी ती ओरडली. चौथ्या-पाचव्या दिवशी फोड आला, ताप आला, काख सुजली. आठवड्यानं तोच माणूस 'लागली का' हे पाहायला परत आला. लागली होती.

मला सगळ्यात आवडतो तो गोष्टीचा यापुढचा भाग. आईच्या दंडावर फोड होता तितके दिवस आजीनं घरात फोडणी घातली नाही. दाराला निंब बांधला. खपली पडल्यावर ओटी भरली. सरकारी माणसानं चक्र फिरवून आणलेली असली तरी आलेली बाई तीच, मग तिचा मान ठेवायला नको? लस घेणं आणि देवी मानणं यात आजीला काही विसंगती दिसली नाही. त्या काळी अशी हजारो घरं असणार. 'अंधश्रद्धेविरुद्ध विज्ञान' असा जो सामना आपण शाळेच्या निबंधात लावायचो, तो आजीच्या स्वयंपाकघरात कधी झालाच नाही. तिथं दोघांना एकाच ताटात वाढलं गेलं.

बेळगावच्या त्या लशीला फार लांबून यावं लागत नव्हतं. बेळगावच्या माणसाला व्हॅक्सिन डेपो ठाऊक असतो. टिळकवाडीतला, झाडीचा. आज लोक तिथं सकाळी फिरायला जातात. तिथं जनावरांच्या कातडीवर लस वाढवायचे, ती खरवडून ग्लिसरिनमध्ये घोटायचे आणि गावोगाव पाठवायचे. उन्हाळ्यात ती वाटेतच निकामी व्हायची, म्हणून देवी काढायचा हंगाम असायचा थंडीचा. उन्हात टिकणारी, गोठवून सुकवलेली लस आली ती १९५० नंतर. पुढं तशी लस देशात मोजक्या ठिकाणी होऊ लागली, पाटवाडांगर, गिंडी, हैदराबाद आणि बेळगाव. आईला हे सांगितलं तेव्हा तिनं मान डोलवली. "आम्ही वास घेत शाळेत जायचो," एवढंच म्हणाली. कसला वास ते तिलाही आठवेना.

जनावरांवर लस वाढवायला लागायच्या आधी ती माणसाच्या दंडावरूनच पुढं जायची. एका मुलाचा फोड पिकला की त्यातली लस दुसऱ्या मुलाला. एडवर्ड जेन्नरनं १७९६ मध्ये इंग्लंडात गाईच्या देवीची लस माळ्याच्या मुलाला टोचली, आणि सहा वर्षांनी ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा असा प्रवास करत मुंबईला पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली. तिच्या फोडातली लस आणखी पाच मुलांना, तिथून पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला, मद्रासला. हिंदुस्थानातली तेव्हाची सगळी लस त्या एका पोरीच्या दंडातून निघाली. जेन्नरचे पुतळे आहेत. अ‍ॅनाचं चित्र मी कुठं पाहिलेलं नाही. नातीनं पानाच्या डाव्या कोपऱ्यात तिच्यासाठी लंबगोल चौकट कापली, भोवती लेस लावली आणि आत काहीच लावलं नाही. खाली तारीख लिहिली. मला वाटतं, त्या पानावरचं सगळ्यात शहाणं काम तेच.

दुसऱ्या दिवशी घोटाळा झाला. आमच्या लहानपणी दवाखान्यातून मिक्श्चरची बाटली मिळायची. तिच्यावर कंपाउंडर डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवायचा. तशी पट्टी पानावर हवी म्हणून मी कापून दिली आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवून चिकटवली. नातीला ती फार पांढरी वाटली. तिला पिवळट डाग हवा होता. औषधांच्या डब्यात टिंक्चर आयोडिन सापडलं, ते तिनं ब्रशनं फिरवलं. जिथं जिथं खळ लागली होती तिथं पान बघता बघता निळंकाळं पडलं. पिठातल्या स्टार्चला आयोडिन लागलं की असंच होतं, सातवीच्या विज्ञानातला प्रयोग. ती रडकुंडीला आली. मी म्हटलं राहू दे, दवाखान्याच्या पानावर हा एकच डाग खरा आहे.

उजव्या बाजूला काय घ्यायचं ते मीच ठरवलं, कारण ती बाजू माझ्या आठवणीतली. १९७५ साली मी सतरा वर्षांची होते. गावातल्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत सरकारी जाहिरात रंगवलेली असायची, देवीचा रोगी कळवणाऱ्याला एक हजार रुपये बक्षीस. बक्षीस आधी पन्नास होतं, मग शंभर, असं वाढत ते हजारावर गेलं. माझ्या वडिलांचा पगार तेव्हा महिना साडेचारशे. माझा धाकटा भाऊ आणि त्याची टोळी महिनाभर रोगी शोधत हिंडत होती. मागच्या वाड्यातल्या एका पोराला कांजिण्या आल्या तर त्याला सायकलच्या दांडीवर बसवून थेट दवाखान्यात नेलं. तिथल्या परिचारिकाबाईंनी पोराचे तळहात पाहिले, पाठ पाहिली आणि या टोळीला हाकलून दिलं. कांजिण्या धडावर दाट असतात, देवी चेहऱ्यावर, हातापायांवर, तळव्यांवर. भावाला हा फरक आजही तोंडपाठ आहे. हजार रुपये हुकल्याचं दुःखही.

त्या मोहिमेतले कर्मचारी घरोघर एक कार्ड घेऊन यायचे. त्यावर अंगभर देवी उठलेल्या एका मुलाचा फोटो. "असं कुणी पाहिलंत का?" एवढाच प्रश्न. लिहिता-वाचता येण्याची अट नाही. माझ्या आजीनं ते कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि बोट स्वतःच्या गालाकडे नेलं. कर्मचारी म्हणाला, "आजी, जुन्या नकोत, नव्या सांगा." नव्या नव्हत्याच. १९७४ साली देशात देवीचे एक लाख ८८ हजार रुग्ण नोंदले गेले होते, त्यातले बहुतेक बिहारकडचे. आणि मे १९७५ मध्ये आसामातल्या करीमगंजला सापडला तो भारतातला शेवटचा. भिंतींवर हजार रुपये झळकत होते तेव्हा ते द्यावे लागतील असा रोगी देशात जवळजवळ उरलाच नव्हता. तरी शोध दोन वर्षं चालू राहिला. एप्रिल १९७७ मध्ये भारत देवीमुक्त ठरला, ८ मे १९८० रोजी जग.

ते कार्ड नातीला पानावर हवं होतं. मी फोटो दाखवला. तिनं पाहिला आणि स्वतःच नको म्हणाली. चहाच्या रंगात तो फोटो सुंदर दिसू लागला असता, ही भीती तिलाही वाटली असावी. या जुन्या रंगाची हीच मोठी खोड आहे. तो सगळ्याला गोड करतो. त्याऐवजी आम्ही गेरूनं भिंत रंगवली आणि तिच्यावर चुन्यानं फक्त '१०००' लिहिलं.

मग प्रश्न उरला मधल्या जागेचा. तेव्हा मला काही जुनी पानं आठवली. तंजावरच्या सरफोजीराजांनी (त्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२) धन्वंतरी महाल नावाचं वैद्यकीय केंद्र चालवलं. त्यांच्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत, आणि त्या नोंदींत रुग्णाच्या डोळ्याचं हातानं रंगवलेलं चित्र आहे. एक माणूस, एक डोळा, शेजारी टिपण. महिरप नाही, वेलबुट्टी नाही. मराठी राजाच्या पदरी दोनशे वर्षांपूर्वी झालेली ही पानं मी छापील पुस्तकात नातीला दाखवली. ती म्हणाली, "म्हणजे त्यांचंही आर्ट जर्नलच." असेल. फरक इतकाच, की त्यांना ते जुनं दिसावं असं वाटत नव्हतं.

मधल्या जागेत आईची देवी घ्यायची ठरली. आधी बटर पेपर दंडावर ठेवून वरून शिसपेन्सिल घासून पाहिली, नाण्यावर घासतो तशी. ८८ वर्षांची कातडी ती, पेन्सिलीबरोबर सरकत जायची. आई म्हणाली, "चक्रवाला बरा होता तुमच्यापेक्षा." मग मी जांभळं औषध काढलं, तोंड आल्यावर लावायचो ते. कापसाच्या बोळ्यानं दंडावर हलकंच टिपलं आणि साधा कोरा कागद दाबून उचलला. जांभळ्या रंगात दोन पांढरे गोल उठले, आत खळग्यांचे ठिपके, कडेला बारीक सुरकुत्यांच्या रेघा. दुसऱ्या खेपेला आणखी स्पष्ट.

नातीनं कागद उजेडात धरला आणि पणजीला दाखवला. "बघ, तुझी देवी काढली."

"लागली का?" आईनं विचारलं.

त्या ठशाखाली नातीनं फक्त तीन गोष्टी लिहिल्या. बेळगाव, १९४४, डावा दंड. दोन दिवसांनी माझाही ठसा घेतला. माझी खूण फिकट आहे, पण आली.

तुमच्या घरात १९७० च्या आधी जन्मलेलं कुणी असेल तर एकदा त्यांची बाही वर करायला सांगा. जांभळं औषध औषधाच्या दुकानात अजून मिळतं. गाव, साल आणि कुठला दंड तेवढं खाली लिहून ठेवा. कागद कुठलाही चालेल. चहात बुडवायची गरज नाही.